गोदाकांठचे पाणवठे : कोपरगांव तालुक्यांतील पिण्याचें पाणी व गांवस्वच्छता

कोपरगांव हें नांव घेतलें कीं इतिहाससंशोधकास राघोबादादा आठवतात. सालबाईच्या तहानंतर (१७८२) दादासाहेब येथें येऊन राहिले, ११ डिसेंबर १७८३ रोजीं निवर्तले, आणि त्यानंतरहि कांहीं वर्षें आनंदीबाई व मुलें यांचा मुक्काम या गोदाकांठच्या गांवीं होता. त्या मुक्कामाचे कागद शोधण्याकडे आपल्या मंडळींचें लक्ष असतें, व तें योग्यच आहे. परंतु एवढा लवाजमा ज्या गांवांत उतरला तेथील माणसें पाणी कोठून पीत, तें कोण भरी, घाण कोण उचली, व पावसाळ्यांत नदी गढूळ झाली म्हणजे काय करीत, हे प्रश्न दप्तर चाळतांना सहसा मनांत येत नाहींत. याचें एक कारण असें कीं, या गोष्टींचे कागद निराळे असतात. ते तहनाम्यांच्या व खलित्यांच्या रुमालांत नसतात, आणि हातीं लागले तरी रद्दी म्हणून बाजूस पडतात. प्रस्तुत लेखांत या तालुक्याच्या उदाहरणानें पिण्याच्या पाण्याची हकीकत कशी जुळवावी लागते, तें दाखविण्याचा विचार आहे. तालुका म्हणतांना जुना तालुका समजावा. शिर्डी व पुणतांबें हीं गांवें त्यांत होतीं. तीं आतां राहाता तालुक्यांत गेलीं आहेत, आणि जिल्ह्याचें नांवहि अहमदनगर जाऊन अहिल्यानगर झालें आहे.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें : नदीकांठच्या या गांवांना पाण्याची वाण फारशी नव्हती. पिण्याचें पाणी एका बाजूस आणि माणसाचें अंग, वस्त्र व मळ दुसऱ्या बाजूस, या दोहोंमध्यें अंतर राखण्याची मात्र वाण होती. तें अंतर कोणीं, केव्हां व कशानें राखलें, हें शोधूं लागलें म्हणजे दप्तरांतील कित्येक क्षुल्लक चिठ्ठ्या बोलूं लागतात.

प्रथम शब्दांविषयीं थोडें लिहिणें अवश्य आहे. पाण्याला आपण जीं विशेषणें लावतों तीं एकार्थी नाहींत. 'निवळ' पाणी म्हणजे ज्यांतला गाळ खालीं बसला तें. 'गोडें' पाणी म्हणजे मचूळ किंवा खारें नव्हे तें. 'सोवळें' पाणी म्हणजे विशिष्ट माणसानें विशिष्ट अवस्थेंत भरलेलें. आणि 'तीर्थ' म्हणजे ज्याच्या शुद्धतेविषयीं शंकाच घ्यावयाची नाहीं असें. आरोग्याच्या दृष्टीनें आज आपण ज्यास शुद्ध म्हणतों त्याला यांतला एकहि शब्द नेमका लागू पडत नाहीं. तेव्हां एखाद्या जुन्या कागदांत अमुक गांवचें पाणी उत्तम असें वाचलें, तर लिहिणाराच्या मनांत यांपैकीं कोणता अर्थ होता तें आधीं ठरवावें. सोवळ्याचें पाणी रोगट असूं शकतें, आणि ज्यास कोणी शिवणार नाहीं असें पाणी निर्दोष असूं शकतें.

पाणी निवळविण्याची विद्या मात्र आपल्याकडे फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत गढूळ पाणी निवळविणाऱ्या सात वस्तु सांगितल्या आहेत. त्यांत निवळीचें बीं, म्हणजे कतक, आहे आणि गाळावयाचें वस्त्रहि आहे. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायांत तर कतकाचा दृष्टांतच घेतला आहे : या फळानें पाणी निवळतें हें खरें, पण फळाचें नुसतें नांव घेतल्यानें कोणाचें पाणी निवळलेलें नाहीं. प्रत्येक आरोग्यकचेरीच्या भिंतीवर हा श्लोक टांगण्याजोगा आहे.

गांवस्वच्छतेचें बोलावयाचें तर रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राकडे (१७१५-१६) वळावें. गड बांधण्यापूर्वीं पाणी पाहावें, एका झऱ्यावर विसंबूं नये, असलेलें पाणी जतन करावें, हें त्यांत आहेच. पण त्याहून मोलाचा भाग केराविषयींचा आहे. रस्त्यांत, बाजारांत, तटावर केर पडूं देऊं नये. झाडलेला केर गडाखालीं न लोटतां जागजागीं जाळावा, आणि ती राख परसांत घालून घरोघर भाजीपाला करावा, अशी पंतांची आज्ञा आहे. घाण खालच्या माणसाच्या अंगावर न ढकलतां जागच्या जागीं तिचा उपयोग करावा, हें तत्त्व इतक्या व्यवहारी शब्दांत मराठी राजनीतींत क्वचितच आढळतें. तथापि ही आज्ञा गडांपुरती होती. झांकलेल्या नळांनीं पाणी आणण्याची विद्याहि अशीच राजधान्यांपुरती राहिली. निजामशाहींत अहमदनगरास खापरी नळांनीं पाणी आलें, मलिक अंबरानें सतराव्या शतकाच्या आरंभीं औरंगाबादेस (तेव्हांच्या खडकीस) नहर नेली, नानासाहेब पेशव्यांनीं १७४९-५० च्या सुमारास कात्रजचें पाणी पुण्यास आणलें. खेड्यांना नदी, ओढा, आड आणि बारव एवढेंच होतें.

आतां नदीकडे पाहूं. कोपरगांव हें नाशिकच्या खालीं, प्रवाहाच्या मार्गावर आहे, ही एकच गोष्ट त्याच्या पाण्याचा स्वभाव ठरविण्यास पुरेशी आहे. वर नाशीक, तेथें बारा वर्षांनीं सिंहस्थ, वाटेंत अनेक घाट, आणि खुद्द या तालुक्यांत पुणतांब्यास चांगदेवांची समाधि व अहल्याबाई होळकरांनीं बांधविलेला घाट. घाट बांधणें हें पुण्यकर्म खरें. पण घाटाच्या त्याच पायऱ्यांवर आंघोळ, धुणें, अस्थिविसर्जन आणि घागर भरणें हीं चारहि कामें होत. यात्रांबरोबर पटकी फिरते, हें एकोणिसाव्या शतकांतल्या आरोग्यखात्याच्या अहवालांतून पुनःपुन्हां आलेलें आहे.

वरच्या गांवाची घाण खालच्या गांवानें प्यावयाची, हा प्रश्न गोदावरीपुरता नाहीं. जर्मनींत एल्ब नदीच्या कांठीं हँबुर्ग व आल्टोना हीं दोन शहरें एकमेकांस लागून होतीं. हँबुर्ग वरच्या अंगास, आल्टोना खालच्या. हँबुर्गचें सांडपाणी पडल्यावर तेंच पाणी आल्टोना उचली; मग नेमानें आल्टोनाची दुर्दशा व्हावयाची. परंतु १८९२ च्या पटकींत हँबुर्गांत आठ हजारांवर माणसें मेलीं आणि आल्टोना बहुतांशीं बचावलें. कारण एवढेंच कीं, आल्टोना आपलें पाणी वाळूच्या थरांतून गाळून घेत असे, व हँबुर्ग तसेंच पीत असे. रॉबर्ट कॉखनें या उदाहरणावर फार भर दिला. वाळूच्या पृष्ठभागावर सूक्ष्म जीवांची एक बुळबुळीत साय धरते. पाणी हळूहळू तींतून उतरतांना रोगजंतु तेथेंच अडकतात व नष्ट होतात. वाळू नुसती चाळणी नव्हे, ती एक जिवंत गाळणी आहे.

हें वाचल्यावर गोदाकांठच्या झिऱ्यांकडे पाहण्याची दृष्टि बदलते. उन्हाळ्यांत धार बारीक झाली म्हणजे बाया वाळवंटांत हातभर खोल खळगा करीत, पहिलें गढूळ पाणी उपसून टाकीत, आणि मग भोंवतालच्या वाळूंतून पाझरून आलेलें पाणी करवंटीनें घागरींत भरीत. शेजारीं वाहतें पाणी असतांना हा खटाटोप त्या कां करीत? झिऱ्याचें पाणी गार व गोड लागतें, असें त्या सांगत. आल्टोनाच्या यंत्रशास्त्र्यांनीं जें लाखों मार्क खर्चून उभारलें त्याचें हें दरिद्री पण खरें रूप होतें. त्याचे दोषहि सांगितले पाहिजेत. खळग्यांत हात व भांडें बुडे, रात्रीं जनावरें तोंड घालीत, आणि पावसाळा आला कीं पहिल्याच पुरांत झिरा नाहींसा होई. मग रांजणांत गढूळ पाणी भरून वर तुरटी फिरविण्यापलीकडे उपाय उरत नसे. तुरटीनें गाळ बसतो व गाळाबरोबर कांहीं जंतु खालीं जातात, सर्व जात नाहींत. ज्या महिन्यांत वाळूची गाळणी हवी, नेमकी त्याच महिन्यांत नदी ती हिरावून नेई.

पटकी आली म्हणजे गांव काय करी, याचें या तालुक्यांतलें एक साधन छापील असून सर्वांस सुलभ आहे, परंतु इतिहासाचें साधन म्हणून त्याकडे पाहिलें जात नाहीं. गोविंद रघुनाथ दाभोळकर यांच्या श्रीसाईसच्चरित या ओवीबद्ध ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायांत, १९१० च्या सुमारास शिर्डींत महामारीचें भय असतांना गहूं दळून तें पीठ गांवाच्या शिवेवर ओढ्याकांठीं टाकविल्याचा प्रसंग आहे. पुढें तेविसाव्या अध्यायांत असें येतें कीं, सांथीच्या दिवसांत ग्रामस्थांनीं दोन निर्बंध केले : सर्पणाची गाडी गांवांत येऊं द्यावयाची नाहीं, आणि बोकड मारावयाचा नाहीं. ग्रंथकाराचा हेतु भक्तिपर आहे, त्याची चर्चा येथें नको. आपल्याला त्यांतून दोन गोष्टी मिळतात. पहिली ही कीं, त्या काळीं या भागांत पटकीचें भय वर्षानुवर्षें परिचयाचें होतें. दुसरी अधिक महत्त्वाची : गांवानें एकत्र बसून आरोग्याचा नियम करणें व तो पाळविणें ही शक्ति गांवांत होती, मात्र तो नियम शिवेचा होता, पाणवठ्याचा नव्हता. रोग बाहेरून गाडींत बसून येतो असें मानून शीव राखली, आणि ज्या विहिरींत तो उतरला होता ती उघडी राहिली. घागर उकळत्या पाण्यानें धुवावी व पाणी आटवून प्यावें, हा नियम त्याच पंचांनीं केला असता तर त्याच निष्ठेनें पाळला गेला असता, असें आम्हांस वाटतें.

विहिरींविषयीं लिहितांना कोपरगांवची एक भयंकर नोंद टाळतां येत नाहीं. १८०३-०४ च्या दुष्काळानंतरच्या धामधुमींत बाळाजी लक्ष्मण या पेशव्यांच्या सुभेदारानें भिल्लांचा मोठा जमाव कोपरगांवीं बोलावून दग्यानें धरला आणि त्यांतल्या बहुतेकांस दोन विहिरींत टाकून मारलें, असें इंग्रजी अमदानींतलें गॅझेटियर नमूद करतें. विहीर हें गांवाचें जीवन, म्हणून तिच्या कांठीं शपथा घ्यावयाच्या. आणि तीच कारस्थानाचें साधन होते. राघोबादादांच्या वाड्याचें वर्णन करणाऱ्यानें या दोन विहिरींना निदान एक ओळ द्यावी.

बारवांचा विषय आपल्या मंडळींच्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून थोडा विस्तार करतों. चौकोनी बांधणी, चारी अंगांनीं किंवा एका अंगानें पाण्यापर्यंत गेलेल्या पायऱ्या, कोनाडे, देवळी, क्वचित् शिलालेख : शिल्पाच्या दृष्टीनें बारव हें खेड्याचें वैभव होय. आरोग्याच्या दृष्टीनें तिच्या पायऱ्याच तिचा घात करीत. नारू हा रोग ज्यानें पाहिला आहे त्यास हें सांगावयास नको. नारूची मादी माणसाच्या पायाच्या कातडीखालीं वाढते. फोड येऊन फुटतो. अशा माणसानें पाय पाण्यांत घातला कीं ती असंख्य अळ्या सोडते. त्या अळ्या सायक्लॉप्स नांवाच्या, डोळ्यांस जेमतेम दिसणाऱ्या ठिपक्याएवढ्या जलचराच्या पोटांत वाढतात. आणि तें पाणी न गाळतां जो पितो त्याला सुमारें वर्षभरानें नारू होतो. पायरी उतरून घागर बुडविणारा माणूस एकाच वेळीं रोग देतो आणि पुढच्या माणसाकरितां ठेवून जातो. पोहऱ्यानें पाणी शेंदावयाच्या आडांत पायच पडत नाहीं, म्हणून तेथें नारूचें चक्र तुटतें.

या चक्राचा शोध लागण्यांत एका मराठी माणसाचा हात आहे, हें फारसें माहीत नाहीं. सायक्लॉप्सचा संबंध फेडचेंको या रशियन शास्त्रज्ञानें १८७० मध्यें दाखविला. परंतु असे जलचर पोटांत गेल्यानें माणसास खरोखर नारू होतो, हें १९१३ मध्यें स्वेच्छेनें पुढें आलेल्या माणसांवर प्रयोग करून सिद्ध केलें तें ज्ञानेश्वर आत्माराम तुर्खुड यांनीं. इतकें कळल्यावरहि रोग जाण्यास ऐंशीं वर्षें लागलीं. त्यावर औषध नव्हतें, लस नव्हती; पाण्यांत पाय पडूं न देणें आणि पाणी दुहेरी फडक्यानें गाळणें हाच इलाज. सुश्रुताच्या यादींतलें वस्त्र येथें अक्षरशः कामास आलें, कारण सायक्लॉप्स कापडांतून जात नाहीं. १९८३-८४ पासून देशभर नारूनिर्मूलनाची मोहीम चालली. पायऱ्यांच्या विहिरी बुजवून किंवा कठडा बांधून शेंदावयाच्या केल्या. १९९६ च्या जुलैंत राजस्थानांत शेवटचा रोगी नोंदला गेला, आणि फेब्रुवारी २००० मध्यें भारत नारूमुक्त ठरला. लस किंवा औषध नसतां, केवळ पाणवठ्याची रीत बदलून एक रोग देशांतून गेला.

पाणी भरावयाचें कोणीं व घाण काढावयाची कोणीं, हा भाग बलुत्याच्या कागदांत शोधावा. कोळ्यानें पाणी भरावें, महारानें चावडी झाडावी व मेलेलीं जनावरें ओढून न्यावींत, ही वांटणी त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गांवगाडा' (१९१५) या ग्रंथावरून कोणालाहि समजते. स्वच्छतेचें काम ज्यांच्या माथीं होतें त्यांनाच स्वच्छ पाण्याच्या विहिरीवर जाण्याची बंदी होती. नदीवर त्यांचा पाणवठा बहुधा प्रवाहाच्या खालच्या अंगास, म्हणजे वरच्या सर्व पाणवठ्यांचें धुणें वाहून आल्यावर. विहिरीवर तर कोणी वरून पाणी घालील तोंवर ताटकळत उभें राहावयाचें. हा सोवळ्याचा नियम आरोग्याचा नियम होता असें समर्थन कधीं कधीं ऐकूं येतें. तें कागदांवरून टिकत नाहीं; रोगट पायांच्या सवर्णास बारवेंत उतरूं देणारा आणि निरोगी महारास अडविणारा नियम आरोग्याचा असूं शकत नाहीं.

जोतीराव फुल्यांनीं १८६८ त पुण्यास आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला. १९२३ च्या ऑगस्टांत सार्वजनिक पाणवठे सर्वांस मोकळे करण्याचा रावबहादुर बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळांत संमत झाला. तो कागदावर राहिला म्हणून २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकरांस महाडच्या चवदार तळ्यावर जावें लागलें. त्या तळ्याचा वाद हायकोर्टांत १९३७ पर्यंत चालला. अखेर १९५० च्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमांत विहिरी, तळीं व स्नानाचे घाट यांचा नांवानिशीं उल्लेख आला. राज्यघटनेंत घाटाचें नांव यावें, याचें मर्म ज्यानें जुने पाणवठ्यांचे तंटे वाचले असतील त्यासच पुरतें कळेल.

इंग्रजी अमदानींत सरकारनें केलें काय? १८६९ च्या कायद्यानें साऱ्याच्या रुपयामागें एक आणा लोकलफंड बसला व त्यांतून रस्ते, विहिरी, शाळा होऊं लागल्या. १८८९ च्या मुंबई ग्रामआरोग्य कायद्यानें गांवांत समिति नेमून पिण्याचें पाणी राखण्याची व केर दूर करण्याची तजवीज केली. १९२० व १९३३ चे ग्रामपंचायतीचे कायदे पुढें आले. कायदे बरे होते. पैसा व माणूस यांची टंचाई होती. सांथ आली म्हणजे विहिरींत लाल औषध टाकीत, तें पोटॅशियम परमँगनेट. ही तोड हँकिन या शास्त्रज्ञानें १८९० नंतर प्रचारांत आणली.

खरा पालट झाला तो कालव्यानें. नांदूरमधमेश्वरच्या बंधाऱ्यापासून गोदावरीचे डावा व उजवा असे दोन कालवे निघाले आणि १९१६ त पूर्ण झालेल्या दारणा धरणानें त्यांना उन्हाळ्याचें पाणी दिलें. कालवे शेतीकरितां होते, पण वाहतें पाणी दिसल्यावर माणूस तें पिणारच. ऊंस आला, साखरेचे कारखाने आले, वस्ती वाढली, विहिरींचीं पाणी चढलीं. त्याबरोबर काळ्या जमिनी चोपण झाल्या, आणि जमिनीखालचें पाणी वर आल्यानें गांवची घाण व विहिरीचें पाणी यांतलें मातीचें अंतर कमी झालें. हा तोटा कोणी जमेस धरला नाहीं. पुढें नदी नाशिकच्या सांडपाण्यानें अधिकाधिक बिघडत गेली, तेव्हां कोपरगांव शहरानें पिण्याचें पाणी कालव्याच्या आवर्तनांतून सांठवण तळ्यांत घेण्याचा मार्ग धरला. आवर्तन लांबलें कीं तळें आटतें. कित्येक दिवसांच्या अंतरानें नळ आल्याचीं वर्षें या शहरानें पाहिलीं आहेत. गोदेच्या कांठचें गांव कालव्याच्या पाळीकडे डोळे लावून बसतें, हें दादासाहेबांस सांगितलें असतें तर खरें वाटलें नसतें.

तळ्यांतलें पाणी नळांत जाण्यापूर्वीं ज्या पायऱ्यांतून जातें त्या बहुतेक वर आल्याच आहेत : तुरटी, मग निवळण्याचा हौद, मग वाळू. चौथी मात्र नवी, ती क्लोरीन. खेड्यांत ती पांढऱ्या पुडीच्या रूपानें टांकींत टाकतात, तिला टी. सी. एल. म्हणतात. पुड टाकल्यावर अर्धा तास पाणी तसेंच ठेवावें लागतें, आणि शेवटच्या नळाशीं पोंचतांना लिटरमागें निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावें लागतें. ही शिल्लक म्हणजे वाटेंत कोठें घाण मिसळलीच तर तिच्याकरितां ठेवलेला पहारा होय. शिल्लक आहे किंवा नाहीं तें औषधाचे दोन थेंब टाकून पिवळ्या रंगावरून पाहतात, आणि तें पाहून वहींत लिहिण्याचें काम ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाचें. पगार अल्प, मान त्याहून अल्प. परंतु जुन्या बलुतेदारींत ज्याची जागाच नव्हती असा हा नवा वतनदार आहे. विंधनविहिरीवरचा हातपंपहि अशीच एक मराठी मुलुखाची देणगी. खेड्यांतल्या मोडक्या पंपांना कंटाळून जालना व सोलापूर येथें मिशनच्या लोकांनीं जे टिकाऊ पंप घडविले, त्यांच्या पायावर पुढें इंडिया मार्क दोन हा पंप तयार होऊन परदेशांतहि गेला. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रांत विंधनविहिरी गांवोगांव पसरल्या. त्यांत माणसाचा हात पाण्यास लागतच नाहीं.

राहिला परसाकडचा विषय. जुने कागद याविषयीं सभ्यपणानें मौन धरतात. याच जिल्ह्यांतल्या पारनेरास सेनापति बापटांनीं हातांत झाडू घेऊन रस्ते झाडले व शौचकूप साफ केले. कोंकणांत अप्पासाहेब पटवर्धनांनीं गोपुरीस मैल्याचें खत होईल व कोणास तो डोक्यावर वाहावा लागणार नाहीं असे संडास करून दाखविले. पंत अमात्यांची राख परसांत घालण्याची आज्ञा आणि अप्पासाहेबांचें खत यांत दोनशें वर्षांहून अधिक अंतर आहे, तत्त्व एकच. गाडगेबाबांच्या नांवें २०००-०१ पासून राज्यांत ग्रामस्वच्छता अभियान चाललें, २०१४ पासून देशभर संडास बांधण्याचें काम झालें. पण गोदाकांठच्या काळ्या मातींत एक अडचण आहे, ती सरकारी नकाशांत उतरत नाहीं. दोन खड्ड्यांच्या संडासांत एक खड्डा भरला कीं दुसरा लावावयाचा व पहिल्यांतलें खत वाळूं द्यावयाचें. मुरमांत हें उत्तम चालतें. काळी माती ओली झाली कीं फुगून बंद होते, पाणी मुरत नाहीं, खड्डा लवकर तुंबतो. कालव्याशेजारीं उलट संकट : खड्ड्याचा तळ भूजलाच्या वर दोन मीटर तरी असावा, पण पाणीच वर आलेलें असतें. अशा ठिकाणीं खड्ड्याभोंवतीं वाळूचा जाड थर भरावा लागतो. झिऱ्यांतली वाळू पुन्हां येथें उपयोगी पडते.

संग्राहकांकरितां आतां कागदांविषयीं. लोकलफंडाच्या विहिरींचीं अंदाजपत्रकें, ग्रामआरोग्य समितीचीं इतिवृत्तें, कालव्याच्या पाळीपत्रकांच्या वह्या, विहिरींत औषध टाकल्याच्या पाटलांच्या नोंदी, पाणवठ्याच्या तंट्यांचे जबाब : हे कागद मोडींत व बाळबोधींत दोन्हीं लिपींत असतात, त्यांवर शिक्का नसतो, मायना नसतो, म्हणून बाजारांत त्यांस किंमत नाहीं. अगदीं अलीकडच्या कागदांतहि एक वस्तु जपून ठेवावी. ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या स्थितीची वर्षांतून दोनदां, पावसाळ्यापूर्वीं व नंतर, तपासणी करून आरोग्यखातें तिला लाल, पिवळें किंवा हिरवें कार्ड देतें. सलग पांच वर्षें सांथ न आल्यास चंदेरी. शंभर वर्षांनंतर जो कोणी या तालुक्याचा इतिहास लिहील त्याला एखाद्या गांवचीं सलग वीस वर्षांचीं कार्डें मिळालीं, तर तीं एखाद्या सनदेइतकींच उपयोगी पडतील. आणि सध्यां तीं कपाट बदललें कीं जळणांत जातात.

बारवांचें वर्णन करणाऱ्या मंडळींस एक सूचना. अलीकडे ठिकठिकाणीं तरुण लोक गाळ काढून जुन्या बारवा मोकळ्या करीत आहेत. तसें करतांना पायऱ्यांच्या तोंडाशीं सिमेंटची किंवा विटांची ओबडधोबड भिंत आढळते, आणि मागच्या पिढीनें शिल्प विद्रूप केलें म्हणून ती लगेच पाडली जाते. ती भिंत कांहीं ठिकाणीं नारूच्या मोहिमेंतली असते. पाडण्यापूर्वीं तिची उंची, जाडी, बांधणीचा प्रकार व जवळपास खडूनें किंवा रंगानें लिहिलेला आंकडा असल्यास तो टिपून घ्यावा, छायाचित्र काढावें, आणि गांवांतल्या म्हाताऱ्यांस ती कोणत्या सालीं बांधली तें विचारून शिलालेखाच्या वाचनाशेजारींच लिहून ठेवावें.